शिरक्यात भिजवलेली टोपी

चिटणीस मेल्चोर पेन्याल्वेर मागच्या दाराने आला, तेव्हाच गव्हर्नरची बायको डोन्या ब्रियांदा हिने ओळखलं की बातमी वाईट आहे. चांगली बातमी आणणारा माणूस पुढच्या दाराने येतो आणि वर गरम चॉकलेटचा पेलाही मागतो. हा आला तो थेट स्वयंपाकघराच्या पडवीत, आणि तेही भर दुपारी, सान तेल्मो बंदरातली कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात अशा वेळी.

"बाईसाहेब, मेलो मी," तो म्हणाला. "माझा हात गेला म्हणून समजा."

त्याने उजवा हात पुढे धरला. तीन बोटं शाईने कायमची काळी झालेली.

"अजून तरी जागेवर आहे," ब्रियांदा म्हणाली. "बसा. रडगाणं नंतर, आधी झालं काय ते सांगा."

"त्या साल्सेदोने टोपीची गोष्ट उकरून काढली."

ब्रियांदाच्या हातातलं मक्याचं कणीस तिथेच राहिलं. कोणती टोपी, हे तिला विचारावं लागलं नाही. ती टोपी तिनेच बांधली होती.

आमच्याकडे गव्हर्नरची मुदत संपली की त्याच्या कारभाराची झडती होते. राजाने धाडलेला न्यायाधीश जहाजातून उतरतो, गव्हर्नरच्या हातातली अधिकाराची काठी आपल्या हातात घेतो आणि चौकात दवंडी पिटवतो, की ज्याची कोणाची तक्रार असेल त्याने तीस दिवसांत यावं. तीस दिवस गव्हर्नरने गावाची वेस ओलांडायची नाही. काल ज्याच्यापुढे सगळे कमरेत वाकत होते, त्याच्यावर आज कोळणीपासून पाद्र्यापर्यंत कोणीही बोट रोखावं. रीत चांगलीच आहे म्हणा. पण चांगल्या रीतीचा फायदा आधी वाईट माणूस उठवतो, हे काय मी सांगायला पाहिजे?

डॉन फाद्रीके दे उर्रेआ याच्या झडतीचे सत्तावीस दिवस सुखाने गेले होते. एकाचं डुक्कर शिपायांनी मारलं होतं, एका विधवेच्या परसातून गटार काढलं होतं, असल्याच तक्रारी. बारा पिढ्यांचं घराणं, त्रेसष्टावं वर्ष, बारा वर्षांचा कारभार, आणि न्यायाधीश बार्सेनाला त्याच्याविरुद्ध कागदभर मजकूर मिळेना. मग अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी उसाच्या घाण्याचा मालक, आमच्या गावच्या पलटणीचा कॅप्टन ओर्दोन्यो साल्सेदो, मिशीला पीळ देत न्यायाधीशापुढे जाऊन उभा राहिला. सहा वर्षं त्याने ही गोष्ट पोटात ठेवली होती. साहेबाच्या हातात काठी होती तोवर बोलायची छाती नव्हती ना मेल्याला.

गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी राजाचं फर्मान आलं, की दलदलीतलं कान्याब्रावा हे खेडं जाळावं आणि तिथल्या माणसांना साखळ्या घालून ज्याच्या त्याच्या मालकाकडे पोचवावं. कान्याब्रावात उसाच्या घाण्यांवरून पळालेले काळे गुलाम राहत. राहत म्हणजे तीन पिढ्या राहत. तीनशेच्या वर माणसं, त्यातल्या निम्म्यांनी घाणा डोळ्यांनी पाहिलेला नाही. सान तेल्मोत जो मका येई, कसावाचा कंद येई, केळी आणि सुकी मासळी येई, ती सगळी त्यांच्या होड्यांतून. जमीन आमच्याकडे खारी, त्यांच्याकडे काळी. त्या होड्या थांबल्या तर गावाने समुद्राकडे बघत बसायचं.

राजा समुद्रापलीकडे, त्याला हे काय ठाऊक? म्हणून कायद्यानेच गव्हर्नरला एक पळवाट ठेवली आहे. राजाचं फर्मान आलं की उठून उभं राहायचं. डोकं उघडं करायचं. फर्मान दोन्ही हातांनी घ्यायचं, त्याचं चुंबन घ्यायचं, ते उघड्या डोक्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "मी हे मानतो, पण अमलात आणत नाही." मग कारणं लिहून राजाकडे पाठवायची. उत्तर येईपर्यंत फर्मान निजून राहतं, आणि राजाचं उत्तर काय, आलं तर आलं. मात्र विधी शब्दाला शब्द आणि हाताला हात लागून झाला पाहिजे. त्यात एक गोष्ट चुकली की राजाचा मान राहिला नाही आणि फर्मानही थोपलं नाही. ते पुन्हा उठून बसलं.

आणि त्या दिवशी डॉन फाद्रीकेला ताप होता. साधासुधा नव्हे, दलदलीचा ताप. ब्रियांदाने ताप उतरावा म्हणून सुती टोपी आंबट शिरक्यात भिजवून त्याच्या डोक्याला घातली होती आणि सुटू नये म्हणून हनुवटीखाली दुहेरी गाठ मारली होती. साल्सेदो जहाजावरून फर्मान घेऊन थेट निजायच्या खोलीत आला. फाद्रीके उशांना टेकून कसाबसा बसला, कागदाचं चुंबन घेतलं, तो डोक्यावर ठेवला, शब्द उच्चारले आणि मागे कोसळला. कागद ठेवला तो टोपीवर.

चिटणीस तिथे होताच. पण पेन्याल्वेरकडे असल्या प्रसंगांचे कागद आधीच लिहून ठेवलेले असत. 'गव्हर्नरसाहेब उठून उभे राहिले, मस्तक उघडं केलं' वगैरे, नाव आणि तारीख तेवढी भरायची. त्याने नाव भरलं, तारीख भरली, सही ठोकली आणि जेवायला गेला. आता सांगा, यात त्याची वाईट बुद्धी होती का? मुळीच नाही. तीस वर्षांची सवय होती, आणि सवय माणसाला जेवढी नडते तेवढी वाईट बुद्धी नडत नाही.

"तुम्ही-मी सोडून साल्सेदो एकटाच साक्षीदार आहे," पेन्याल्वेर आता सांगत होता. "परवा, तिसाव्या दिवशी, न्यायाधीश आपल्या साहेबांना क्रूसावर हात ठेवायला लावून विचारणार, की डोकं उघडं होतं का? साहेबांनी नुसतं 'हो' म्हणायचं. एवढंच! खानदानी माणसाची शपथ साल्सेदोच्या शब्दापेक्षा जड. माझा कागद खरा ठरेल, माझा हात वाचेल, कान्याब्रावा वाचेल. एक 'हो', बाईसाहेब! तुम्ही त्यांना सांगा."

ब्रियांदा हसली, पण ते हसू बघवत नव्हतं.

"मी सांगू? त्या माणसाने स्वतःच्या पोरासाठी 'हो' म्हटलं नाही, पेन्याल्वेर. तुमच्या हातासाठी म्हणेल?"

पेन्याल्वेरने मान खाली घातली. इनिगोची हकिकत सगळ्या गावाला माहीत होती. बावीस वर्षांपूर्वी, मायदेशी, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने एका बड्या घरच्या पोराला द्वंद्वात जखमी केलं होतं. तलवार आधी कोणी उपसली, एवढाच प्रश्न होता, आणि पाहणारा एकटा बापच होता. बापाने क्रूसावर हात ठेवून सांगितलं, "माझ्या मुलाने." पोराला फ्लँडर्सच्या लढाईवर धाडलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात तो तिथे मेला. तेव्हापासून ब्रियांदा नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढत होती, त्याचे सदरे दुमडत होती, आजारात उशाशी बसत होती, आणि आतून त्याच्याशी एक अक्षर बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या विहिरीशी तोमासा आली. तोमासा कान्याब्रावाची. एके काळी ब्रियांदाच्या आजारपणात तिने घर सांभाळलं होतं, आणि तिच्या लेकीच्या, ब्रिहिदाच्या बाप्तिस्म्याला ब्रियांदा धर्माची आई म्हणून उभी राहिली होती. नेहमी डोक्यावरची केळ्यांची पाटी उतरायच्या आधी तोमासाची जीभ सुरू व्हायची. आज तिने पाटी ठेवली आणि गप्प उभी राहिली.

"हा शेवटचा घड, बाई. आजपासून होडी येणार नाही."

"का गं?"

"पळायचं तर पोटाला बरोबर नको? जे आहे ते भाजून, वाळवून बांधतोय. उद्या कळेलच ना तुझा दादला काय बोलतो ते."

"कोणी सांगितलं तुला?"

"गावात गुपित राहतंय होय? साल्सेदोने साखळ्यांना तेल लावायला काढलंय. आमचाच एक माणूस तेल लावतोय." तोमासाने पदरासारखं फडकं खांद्यावरून ओढून घेतलं. "खरं सांग बाई. तो खोटं बोलेल?"

ब्रियांदाला वाटलं, हिला धीर द्यावा. पण इतक्या वर्षांच्या ओळखीत हिच्याशी कधी लबाडी केली नव्हती.

"नाही बोलणार, तोमासा. त्याला ते येतच नाही."

"बरं." तोमासा बराच वेळ विहिरीत बघत राहिली. "ब्रिहिदाला आठवा लागलाय. दलदलीत गळ्यापर्यंत पाणी. कुठं पळवू मी तिला? आणि घाण्यावर पोर झालं तर ते पोर साल्सेदोचं. तिचं नाही, माझं नाही, तुझं नाही. त्याचं."

"मी बोलते त्यांच्याशी."

"बोल. भिंतीशी बोललं तरी आपल्या मनाला बरं वाटतं." ती जाताना पाटी तिथेच विसरली. तोमासा वस्तू विसरणाऱ्यातली नव्हती.

त्या दुपारी ब्रियांदाने नवऱ्याला जेवायला वाढलं. कसावाची भाकरी आणि तोमासाची केळी. तो नेहमीसारखा ताठ बसून, हळू, एकेक घास मोजल्यासारखा खात होता. खुर्चीला पाठ टेकायची नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा हा माणूस.

"अहो, उद्या तुम्ही 'हो' म्हणायचं," ती म्हणाली. आडपडदा ठेवलाच नाही.

"क्रूसावर हात ठेवून खोटं बोलायला सांगतेस?"

"हो. सांगते. तीनशे माणसं आहेत. ब्रिहिदा आहे, तिच्या पोटातलं आहे. तुमच्या शपथेपेक्षा ती जड नाहीत का?"

तो केळं सोलत राहिला.

"माझ्या इनिगोच्या वेळी मी पाया पडले होते तुमच्या. आठवतं? दाराशी आडवी पडले होते. तुम्ही मला ओलांडून गेलात." तिचा आवाज चढला. "आता पुन्हा ओलांडून जाणार! तुमचं ते खरं तुम्हाला लखलाभ. लोकांची पोरं मरतात त्याच्यावर."

बावीस वर्षांत ते नाव या टेबलावर पहिल्यांदा आलं होतं. फाद्रीकेने सोललेलं केळं ताटात ठेवलं. तिला वाटलं हा आता उठून जाईल.

"ती टोपी अजून आहे का?" त्याने विचारलं.

"काय?"

"शिरक्यातली. तू काही टाकत नाहीस."

"आहे पेटीत. तिचं काय?"

"दे मला."

ब्रियांदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोटातल्या पोराबद्दल बोलते आणि हा चिंधी मागतो! तिने पेटी उघडली, टोपी काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. त्याने ती उचलली, नीट घडी घातली आणि बाहीत सरकवली.

तिसाव्या दिवशी कचेरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोन दिवस होड्या आल्या नव्हत्या. चौकातला बाजार झाडून ठेवल्यासारखा रिकामा, आणि जहाजावरच्या पावाला किडे लागलेले. लोक उपाशी होते, आणि उपाशी माणसं तमाशाला लवकर येतात. ब्रियांदा बायकांसाठी केलेल्या लाकडी जाळीमागे कोळणींच्या घोळक्यात बसली होती. गव्हर्नरची बायको म्हणून तिला कोणी पुढे जागा दिली नाही. काठी गेली की असंच असतं.

न्यायाधीश बार्सेना मध्ये बसला होता, मांडीवर अधिकाराची काठी आडवी. नवा गव्हर्नर येईपर्यंत ती त्याचीच. बारकुळा माणूस, पोटाचा आजारी, सकाळपासून पोटात एक किडका पाव गेलेला. त्याच्या उजवीकडे साल्सेदो छाती काढून उभा, डावीकडे पेन्याल्वेर लेखणी घेऊन. पेन्याल्वेरच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"डॉन फाद्रीके," न्यायाधीश म्हणाला, "हात ठेवा. कान्याब्रावाचं फर्मान तुम्ही मस्तकावर घेतलंत, तेव्हा मस्तक उघडं होतं?"

फाद्रीकेने क्रूसावर हात ठेवला. जाळीमागे ब्रियांदा ओठ हलवत होती. हो म्हणा. एकदा, फक्त एकदा हो म्हणा.

"नव्हतं," तो म्हणाला. दुसऱ्या हाताने बाहीतून टोपी काढून त्याने टेबलावर ठेवली. "ही टोपी होती. गाठ दुहेरी होती. मी उभाही नव्हतो, अंथरुणात होतो."

कचेरीभर एकच कल्लोळ झाला. ब्रियांदाने कपाळ जाळीवर टेकलं. "दगड," ती पुटपुटली. "दगडाशी संसार केला मी." तिच्या डोळ्यांपुढे ब्रिहिदा आली, गळ्यापर्यंत पाण्यात, पोटावर दोन्ही हात धरलेली. शेजारच्या कोळणीने न विचारता तिचा हात धरला.

"झालं तर!" साल्सेदो ओरडला. "फर्मान थोपलंच नव्हतं, हुजूर. मी उद्या पहाटे निघतो."

"थांबा, कॅप्टन," फाद्रीके म्हणाला. त्याचा आवाज जेवताना असतो तसाच होता. "थोपलं नव्हतं, हे खरं. पण स्वीकारलंही नव्हतं. विधी झालाच नाही, तर फर्मान अजून कोणाच्या हाती पोचलेलंच नाही. सहा वर्षं ते कचेरीच्या पेटीत नुसतं पडून आहे. हुजूर, ते मागवा आणि वरचा पत्ता वाचा."

फर्मान आलं. लाखेचा तांबडा शिक्का, कडा वाळवीने चाटलेल्या. न्यायाधीशाने सवयीने ते हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "'सान तेल्मोत अधिकाराची काठी ज्याच्या हाती असेल, त्यास.'"

शेवटच्या शब्दावर तो थांबला. सगळी कचेरी त्याच्या मांडीकडे बघत होती. काठी तिथेच होती.

"हे... मी विचार करून दोन दिवसांनी..." न्यायाधीश म्हणाला.

"फर्मान हातात असताना बसून राहायची मुभा नाही, हुजूर," फाद्रीके म्हणाला. "मी बसून राहिलो, म्हणून तर आज इथे उभा आहे."

न्यायाधीश चटका बसल्यासारखा उठला. डोक्यावरची काळी टोपी काढली. टक्कल घामाने चमकत होतं. आगीतून उठून फुफाट्यात पडलेल्या माणसाचा चेहरा पाहायचा असेल, तर तो त्या घडीला बार्सेनाचा पाहायला हवा होता. राजाचं फर्मान दोन्ही हातांत, आणि राजाला जाब द्यायचा तो आता त्याने.

"कॅप्टन," तो म्हणाला, "तुमची पलटण किती?"

"साठ, हुजूर."

"पायांवर उभे किती?"

साल्सेदोने घसा खाकरला. "एकोणीस. बाकीचे तापाने..."

"कान्याब्रावा किती लांब?"

"पायी, दलदलीतून पाच दिवस. होडीची वाट त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही."

"जाताना पाच, येताना पाच. एकोणीस शिपाई आणि तीनशे बंदी दहा दिवस खाणार काय?"

साल्सेदोच्या मिशीचा पीळ त्याच्या बोटातच राहिला.

"आणि आम्ही काय खायचं, ते पण विचारा की त्याला!" जाळीमागून एक कोळीण कडाडली. "का त्याच्या साखळ्या उकडून खायच्या?"

हशा पिकला, आणि लगेच विरला. आता सगळ्या गावाला कळलं होतं, की त्या कागदावर त्यांचीही भाकरी आहे. ब्रियांदा श्वास घ्यायची विसरली. हा पोटाचा रोगी, परक्या मुलखातला, महिन्यापूर्वी आलेला माणूस. त्याने नुसतं 'मानतो' एवढंच म्हटलं आणि पुढचे चार शब्द गिळले, तर झालं.

बार्सेनाने फर्मानाचं चुंबन घेतलं. ते टकलावर ठेवलं.

"हे माझ्या धन्याचं फर्मान," तो म्हणाला. "मी हे मानतो." त्याच्या पोटातून गुरगुर आली ती पहिल्या रांगेतल्यांना ऐकू गेली. "पण अमलात आणत नाही. चिटणीस, लिहा. कारण पहिलं, गावात धान्य नाही."

ब्रियांदाच्या तोंडून काय निघालं, ते तिला स्वतःला कळलं नाही. कोळणींनी तिला दोन्ही बाजूंनी मिठी मारली, आणि त्यांच्या अंगाचा मासळीचा वास तिला त्या दिवशी देवळातल्या धुपासारखा गोड वाटला. खोटं न बोलता! या माणसाने एक अक्षर खोटं न बोलता वाचवलं सगळ्यांना! खरं बोलूनच! तिला हसावं की रडावं कळेना.

पण कोपऱ्यात अडकवलेला माणूस सूड काढल्याशिवाय राहत नाही. बार्सेनाने डोकं झाकलं, खाली बसला आणि जुन्या वहीचं पान समोर ओढलं.

"आता दुसरी गोष्ट. 'मस्तक उघडं केलं', असं या पानावर लिहिलंय. ते खोटं आहे, हे आत्ता शपथेवर सिद्ध झालं. राजाच्या वहीत खोटं लिहिणाऱ्याला शिक्षा काय, पेन्याल्वेर? तुम्हाला पाठ असेल."

पेन्याल्वेरची लेखणी पडली. "हात," तो म्हणाला. "उजवा."

त्याने तो हात मांडीखाली घातला, बसल्या बसल्या, लहान पोर खाऊ लपवतं तसा.

"त्याचा दोष नाही," फाद्रीके म्हणाला.

"मग कोणाचा?"

"माझा. तसं लिही, असं मीच त्याला सांगितलं."

न्यायाधीश पुढे झुकला. "शपथेवर?"

फाद्रीकेने क्रूसाकडे पाहिलं. जाळीमागून ब्रियांदाला त्याची फक्त पाठ दिसत होती, खुर्चीला कधी न टेकलेली ती पाठ. त्याने हात उचलला आणि ठेवला.

"शपथेवर."

ब्रियांदा तशीच बसून राहिली. त्या दिवशी साल्सेदो विधी होताच निघून गेला होता. खोलीत उरली ती आणि चिटणीस. आणि शब्द उच्चारून मागे कोसळलेला फाद्रीके पुढचे तीन दिवस शुद्धीवर नव्हता. तिने चिंधीने त्याच्या ओठांवर पाणी पिळलं होतं. त्याने कोणाला काही सांगणं शक्यच नव्हतं. पेन्याल्वेर तोंड उघडून त्याच्याकडे बघत होता. काही बोलायला गेला, आणि बोलला नाही. त्याला तरी काय दोष द्यायचा?

शिक्षा तिथेच सुनावली. राजाच्या वहीत हुकमाने खोटं लिहवून घेतल्याबद्दल पदवी गेली, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यात दहा वर्षं कैद. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे गणित गावातल्या कोणीही मोठ्याने केलं नाही.

जहाज आठ दिवसांनी सुटणार होतं. दुसऱ्याच दिवशी होड्या आल्या. तोमासा आली ती पुढच्या दाराने, डोक्यावर पाटी, पण जीभ अजून बंदच. तिने फाद्रीकेच्या पायांशी पाटी ठेवली आणि त्याला म्हणाली, "तुला आम्ही भिंत म्हणायचो." मग ओक्साबोक्शी रडत आत गेली आणि तिची विसरलेली जुनी पाटी शोधू लागली.

संध्याकाळच्या आधी, ऊन ओसरीवरून उतरत असताना, ब्रियांदा नवऱ्याची पेटी भरत होती. सदरे, मोजे, प्रार्थनेची माळ. तो खिडकीशी बसला होता. आज पहिल्यांदाच त्याची पाठ खुर्चीला टेकली होती.

"खोटं बोललात," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

त्याने मान खिडकीकडे वळवली.

"मला माहिती आहे. मी होते तिथे. तुमच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नव्हता, शब्द कुठला बाहेर येतोय?" तिच्या हातातला सदरा दुमडता दुमडता थांबला. तिने पुष्कळ आवरलं, पण आवरेना. "त्या पेन्याल्वेरच्या हातासाठी बोललात! आणि माझ्या इनिगोसाठी? माझ्या पोरासाठी नाही बोलता आलं तुम्हाला?"

फाद्रीकेने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

"तेव्हा जमलं नाही गं," तो म्हणाला. "शिकायला बावीस वर्षं लागली."

ब्रियांदा उभी राहिली. बाहेर कोणीतरी होडीतून मक्याची पोती उतरवताना ओरडत होतं. टेबलावर ती टोपी पडली होती, कचेरीतून परत आलेली, शिरक्याचा वास केव्हाच उडालेली. तिने ती उचलली, झटकली आणि पेटीत सदऱ्यांवर ठेवली.

"तिथे वारा असतो म्हणतात," ती म्हणाली. "डोक्याला लागेल."

"किल्ल्यात बायकांना राहू देत नाहीत, ब्रियांदा."

"किल्ल्याच्या बाहेर गाव असेलच ना."

मग तिने आपल्या कपाटातून दोन झगे काढले, एक काळा आणि एक लोकरीचा, आणि त्याच्या कपड्यांवर घडी करून ठेवले.